पोत्यावरचे आकडे आणि पडद्यावरची मूलद्रव्ये

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून आज हे रसायनशास्त्राचे काय काढले, असे तुमच्यापैकी काही जणांना वाटेल. पण विकताना आपण कसे नागवले जातो हे आता आपल्याला पाठ झाले आहे. विकत घेताना काय होते, तिकडे मात्र आपले लक्ष नाही. मृग लागायच्या आधी कृषी केंद्राच्या दारात रांग लावायची, दुकानदार देईल ते पोते उचलायचे, त्याच्याबरोबर तो गळ्यात बांधेल ती बाटली घ्यायची आणि घरी यायचे. पोत्यावर काय छापले आहे हे वाचायची सवय नाही. वाचले तरी कळत नाही, कारण ते कळण्यापुरते शिक्षण आपल्याला कोणी दिलेच नाही.

एक साधा प्रश्न विचारतो. युरियाचे पोते ४५ किलोचे. त्यात नत्र किती? हा प्रश्न आम्ही गावोगावच्या बैठकांत विचारला. बहुतेक ठिकाणी उत्तर आले, "सारेच नत्र." खरे उत्तर पोत्यावरच छापलेले असते: ४६ टक्के. म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. उरलेले २४ किलो भेसळ नव्हे. तो कर्ब, प्राणवायू आणि हायड्रोजन आहे. पण तो पिकाला हवेतून आणि पाण्यातून फुकट मिळतो. आपण पैसे मोजतो ते त्या २० किलो ७०० ग्रॅमचे. एवढी एक गोष्ट ज्याला कळली, तो पुढच्या वेळी दुकानात वेगळा उभा राहतो. ती कशी शिकवायची, हाच आजचा विषय.

पहिला वर्ग कसा फसला

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेले. तिथे जसे शिकलो तसेच गावात शिकवायला गेलो. समाजमंदिराच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा मोठा तक्ता टांगला, ११८ चौकोनांचा. अर्धा तास बोललो. ज्वारी काढून दमून आलेली माणसे, मागची रांग केव्हाच पेंगली होती. शेवटी एक म्हातारबुवा उठले आणि म्हणाले, "साहेब, हा बुद्धिबळाचा पट लय झ्याक हाये. पण यातले आपल्या वावरातले मोहरे कोणते, ते सांगा ना."

त्या एका वाक्याने आमचा धडा झाला. जगात आजवर माहीत असलेली मूलद्रव्ये ११८. त्यांपैकी पिकाला जगायला लागतात ती सतरा. कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू ही तीन हवापाण्यातून येतात. नत्र, स्फुरद, पालाश ही तीन मोठ्या भुकेची. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक मधल्या भुकेची. लोह, जस्त, मंगल, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल ही चिमूटभर लागणारी. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याला यांतली सात-आठ ओळखता आली तरी त्याचे काम भागते. बाकीची शंभर कॉलेजातल्या पोरांनी पाठ करावीत.

मोठ्या माणसाला शिकवताना त्याची पाटी कोरी आहे असे धरून चालत नाही. ती तीस वर्षांच्या हिशेबाने भरलेली असते. त्या हिशेबात कुठे तरी जागा शोधून आपले अक्षर लिहावे लागते. तक्ता ते करत नाही. मग आम्ही चित्रफितींकडे वळलो.

पाण्यात पेटणारा पालाश

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने २००८ साली एक चांगले काम केले. एकेका मूलद्रव्यावर एकेक छोटी चित्रफीत काढली आणि ती जगाला फुकट पाहायला मोकळी केली. त्यांत मार्टिन पोलियाकॉफ नावाचे प्राध्यापक दिसतात. पांढरे केस चहूबाजूंनी उभे, म्हणून पोरे त्यांना पाहूनच हसतात. भाषा इंग्रजी. आम्ही आवाज बंद केला, भिंतीवर पांढरी चादर लावली आणि आपल्या बोलीत सांगत गेलो.

पालाशची चित्रफीत लावली. चाकूने कापता येईल असा मऊ, चकचकीत धातू. त्याचा लहानसा तुकडा पाण्यात टाकला आणि तो पाण्यावर नाचत जांभळ्या ज्वालेने पेटला. सारा वर्ग जागा झाला. आम्ही खूश. तेवढ्यात मागून एका बाईने विचारले, "हे पाण्यात पेटते, त पोटॅश टाकलेल्या वावरात पाऊस आल्यावर काहून पेटत नाही?"

आम्हाला सुचला नसता इतका चांगला हा प्रश्न होता. चित्रफीत पुढे नेली असती, तर त्या बाईच्या मनात कायमचे चुकीचे बसले असते. आम्ही ती थांबवली. मूलद्रव्य एकटे असते तेव्हा त्याचा स्वभाव एक, दुसऱ्याशी जोडले गेले की दुसरा, हे सांगितले. पोत्यातला पालाश एकटा नसतो. तो क्लोरीनशी बांधलेला असतो. एकटा पालाश पाण्यात पेट घेतो, एकटा क्लोरीन हा विषारी वायू. पण दोघे बांधले गेले की गपगुमान विरघळणारा क्षार होतो. घरातल्या मिठाचेही तसेच. सोडियम धातूही पाण्याशी भडकतो, क्लोरीन तोच विषारी. दोघांचे मिळून भाकरीवरचे मीठ.

दुसरा प्रश्न तिथेच आला. पालाशच्या खुणेचे अक्षर 'के' का? हा 'के' आला कॅलियम या नावातून, आणि त्या नावाचे मूळ झाडाच्या राखेसाठी असलेल्या अरबी शब्दात आहे. इंग्रजीतला पोटॅशही तसाच. भांड्यात राखेचे पाणी आटवून उरणारा क्षार तो पोटॅश. इथे बायकांचे चेहरे उजळले. चुलीत पऱ्हाटी जाळायची, त्या राखेने भांडी घासायची, तीच राख परसातल्या वांग्याला टाकायची, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या. पालाश त्यांच्या घरातच होता, नाव तेवढे आम्ही सांगितले. पुढच्या बैठकीला चित्रफितीतला धातू किती जणांना आठवला ते सोडा. राख प्रत्येकीला आठवली.

फीत थांबवणारा माणूस

यावरून आम्ही एक गोष्ट शिकलो. चित्रफीत शिकवत नाही, ती डोळे उघडते. शिकणे होते ते ती थांबवल्यावर. आपल्या देशात २००६ साली बंगळूरमध्ये 'डिजिटल ग्रीन' नावाचे काम सुरू झाले. तिथेही गावातल्या शेतकऱ्यांच्याच छोट्या फिती काढून, गटात दाखवून, मध्ये थांबवून बोलणारा गावातला माणूस ठेवायची रीत होती. नुसती फीत लावून निघून जाणे म्हणजे बी फेकून पाळी न देण्यासारखे आहे.

आमची रीत आता अशी ठरली आहे. एका फितीत एकच मूलद्रव्य. लांबी तीन-चार मिनिटे. फीत आधी मोबाइलमध्ये उतरवून घ्यायची, म्हणजे रेंजची वाट पाहावी लागत नाही. वेळ जेवणानंतरची, नाही तर बाया येत नाहीत, आणि खत टाकायचे काम निम्म्याहून अधिक त्यांच्याच हातचे. फीत दोनदा थांबवायची आणि प्रत्येक वेळी ज्याला वाचता येत नाही त्याला आधी विचारायचे. फीत संपली की हाताने काही तरी करायचे. आठ दिवसांनी तीच फीत पुन्हा, या वेळी बोलणारा गावातला. तीन मिनिटांच्या फितीला अर्धा तास बोलणे लागते. तेवढा वेळ नसेल तर फीत लावू नये.

पडद्यावरून हातावर

नंतर आम्ही आपल्याच गावात, साध्या मोबाइलवर फिती काढायला लागलो. तीन फिती सांगतो.

पहिली फीत चुन्याची. तळहातावर डीएपीचे चार दाणे घ्यायचे, तंबाखूला लावतो तसा चुना लावायचा आणि चोळायचे. नाकात झिणझिण्या आणणारा उग्र वास आला, तर दाण्यात अमोनियाच्या रूपातले नत्र आहे. ही फीत सगळ्यांना आवडते. पण इथेही थांबवून सांगावे लागते की चुना नत्राची साक्ष देतो, स्फुरदाची देत नाही. वास आला म्हणून पोत्यात ४६ टक्के स्फुरद आहेच असे सिद्ध होत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. संशय आला तर पावती आणि पोते जपून ठेवावे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली खत निरीक्षकाकडून नमुना काढून घ्यावा. घरचा प्रयोग संशय घ्यायला पुरतो, खटला लढायला पुरत नाही.

दुसरी फीत जस्ताची. झिंक सल्फेटच्या नावाखाली स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट गळ्यात मारले जाते. दोन्ही पांढरे, डोळ्यांना सारखेच दिसतात. डीएपी पाण्यात विरघळवून निवळू द्यायचे. त्या निवळीत झिंक सल्फेटचे पाणी घातले की नासलेल्या दुधासारखा साका धरतो. मॅग्नेशियम सल्फेटचे घातले तर असा साका धरत नाही. दोन काचेचे पेले आणि पाच मिनिटे लागतात.

तिसरी फीत लिंबाची. वावरातला चुनखडीचा खडा घ्यायचा आणि त्यावर लिंबू पिळायचे. फेस येतो. तो खडा म्हणजे कॅल्शियम, कर्ब आणि प्राणवायू. आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात हाच कॅल्शियम स्फुरदाला धरून ठेवतो. स्फुरद जमिनीत असतो आणि पिकाला मिळत नाही. जस्ताचे आणि लोहाचेही तिथे तसेच होते. म्हणून स्फुरदाचे खत फेकून द्यायचे नसते, ते बियाच्या शेजारी ओळीत पेरायचे असते. हे शिफारशीच्या पुस्तकात कधीपासून छापलेले आहे. पण लिंबाचा फेस पाहिल्यावर त्याचे कारण कळते, आणि कारण कळले की माणूस ते करतो.

२०१५ पासून सरकारने मृदा आरोग्य पत्रिका वाटल्या. त्यात बारा गोष्टींची तपासणी लिहिलेली असते. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही नऊ मूलद्रव्ये, शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पुष्कळ घरांत हा कागद देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलेला आम्ही पाहिला. फिती पाहून झाल्यावर तो बाहेर काढायला सांगतो. बरेच जण तेव्हा तो पहिल्यांदा वाचतात.

आता हिशेब

रसायनशास्त्र खिशापर्यंत आले नाही तर शेतकऱ्याने ते का शिकावे? म्हणून हिशेब करू. २०२४ च्या खरिपात युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याचा दर २६६ रुपये ५० पैसे होता. त्याला २० किलो ७०० ग्रॅमने भागा. नत्र पडले किलोला सुमारे १३ रुपये. डीएपीचे ५० किलोचे पोते १३५० रुपयांचे. त्यावर १८-४६-० असे छापलेले, म्हणजे ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. नत्राचे ११७ रुपये वजा करा, उरले १२३३. त्याला २३ ने भागा. स्फुरद पडले किलोला साधारण ५४ रुपये. हे दोन आकडे ध्यानात ठेवले की कोणतेही मिश्रखत समोर आले तरी त्यातल्या नत्र-स्फुरदाची किंमत बोटावर मोजता येते.

एक जुनी खोच इथे सांगून ठेवतो. पोत्यावरचा स्फुरदाचा आकडा हा नुसत्या मूलद्रव्याचा नसून प्राणवायूशी जोडलेल्या रूपाचा असतो. ही जुनी चाल आहे. त्या २३ किलोत खरे मूलद्रव्य दहा किलोच. पण शिफारसही त्याच चालीने लिहिलेली असते, म्हणून हिशेब चुकत नाही.

समजा तुमची शिफारस एकरी २४ किलो नत्र आणि १२ किलो स्फुरद अशी आहे. १२ किलो स्फुरदाला २६ किलो डीएपी लागेल. त्यातून पावणेपाच किलो नत्रही आले. उरलेल्या सव्वाएकोणीस किलोला ४२ किलो युरिया, म्हणजे पोत्याला तीन किलो कमी. डीएपी मिळत नसेल तर ७५ किलो सिंगल सुपर फॉस्फेटमधून तेवढाच स्फुरद येतो, वर आठ किलो गंधक मिळतो. नत्रासाठी मात्र युरिया ५२ किलो लागेल. डीएपीसाठी चार दिवस रांगेत उभे राहायचे, काळ्या बाजाराचा दर द्यायचा की दुसरे खत घ्यायचे, याचा निर्णय मग तुमचा. ज्याला हा हिशेब येत नाही, त्याचा निर्णय दुकानदार करतो.

हीच मोजपट्टी बाटलीलाही लावा. २०२१ साली नॅनो युरिया बाजारात आला तेव्हा अर्ध्या लिटरच्या बाटलीवर ४ टक्के नत्र लिहिलेले होते आणि किंमत २४० रुपये होती. चार टक्के म्हणजे सुमारे २० ग्रॅम. पोत्यात त्याच्या हजारपट. किलोवर हिशेब केला तर नत्र १२ हजार रुपयांचे. पोत्याला सरकारी अनुदान आहे आणि बाटलीला नाही, हे मान्य. कण बारीक असल्याने पान ते चांगले शोषते, हा उत्पादकांचा दावा आहे. दावा तपासायची आपली जुनी रीत आहे: चार ओळी फवारायच्या, चार ओळी तशाच ठेवायच्या आणि वेचणीला कापूस वेगवेगळा तोलायचा. नंतरच्या बाटल्यांवरचे आकडे बदलले, तेव्हा हातात असेल त्या लेबलाचा आकडा घ्या. आम्ही बाटली फोडा म्हणत नाही, लेबल वाचा म्हणतो.

तेच मूलद्रव्य, दुसरे रूप

आणखी एक गोष्ट मन घट्ट करून सांगावी लागते. १६६९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात हेनिग ब्रँट नावाच्या माणसाने सोने मिळवायच्या नादात लघवी आटवली आणि अंधारात चमकणारा पदार्थ मिळवला. तो स्फुरद. हाडात तो आहे, ज्वारीच्या दाण्यात आहे, डीएपीत आहे. आणि मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकांतही तोच आहे. पण तिथे त्याची जोडणी अशी आहे की ती माणसाच्या मज्जातंतूंचे काम बंद पाडते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. पाण्यात पेटणाऱ्या पालाशचा जो धडा त्या बाईने आम्हाला शिकवला, तोच इथे आहे. नाव एक असले तरी रूप पाहावे लागते. म्हणून स्फुरदाच्या फितीच्या शेवटी आम्ही कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण दाखवतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग कळतो.

विकणारी फीत

शेवटची गोष्ट. ज्या मोबाइलवर आपण शिकतो, त्याच मोबाइलवर विकणाऱ्याच्याही फिती येतात. गेल्या हंगामात आमच्याच एका सहकाऱ्याने कपाशीवरच्या लाल्याची अशी फीत पाहिली. एका फवाऱ्यात पान हिरवे. त्याने बाटल्या आणल्या, पान लालच राहिले. लाल्या कधी मॅग्नेशियमच्या तुटीने येतो, कारण पानाच्या हिरव्या रंगाच्या गाभ्यात तेच मूलद्रव्य असते. कधी नत्राच्या तुटीने, कधी थंड रात्रींनी, कधी ओल तुटल्याने, कधी तुडतुड्यांनी. एका बाटलीत या साऱ्यांवर औषध मावत नाही. मॅग्नेशियमचीच तूट असेल, तर त्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट स्वस्तात मिळते.

तेव्हा कोणतीही फीत पाहताना चार प्रश्न विचारायचे. यात मूलद्रव्य कोणते? किती टक्के? किलोला काय भाव पडला? आणि शेजारी न फवारलेली ओळ दाखवली आहे का? चारांपैकी एकाचेही उत्तर फितीत नसेल, तर ती फीत शिकवायला काढलेली नाही.

कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. मृगाच्या आधी प्रत्येक गावात चार बैठका झाल्या पाहिजेत: एक नत्राची, एक स्फुरदाची, एक पालाशची, एक जस्ताची. त्यासाठी एक मोबाइल, एक चादर, दोन पेले, एक लिंबू आणि चुन्याची डबी पुरे. फीत दाखवणारा पदवीधर नसला तरी चालेल, पण तो फीत थांबवणारा असला पाहिजे. आणि पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने रिकामे पोते आणि देव्हाऱ्यामागची पत्रिका बरोबर आणावी. भाषण त्या दिवशी आमचे नसेल. पोत्यावरचा आकडा तुम्ही वाचायचा, आणि हिशेबही तुम्हीच मांडायचा.